अनेक मालकांपासून सुटका : आत्मसंयम आणि स्वातंत्र्य

साजगावहून खोपोलीकडे निघाले की समोर सह्याद्रीचा कडा उभा राहतो. पावसाळ्यात या कड्यावरून असंख्य ओहोळ मोकाट कोसळतात. त्यांचा गाजावाजा मोठा असतो. पण पाऊस ओसरला की कातळ पुन्हा कोरडा पडतो. याच डोंगरमाथ्यावरचे दुसरे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथील धरणांत अडवले जाते आणि मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजकेंद्रात उतरवले जाते. १९१५ साली सुरू झालेल्या या केंद्राच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. काम झाल्यावर तेच पाणी पाताळगंगेला मिळते. पाऊस एकच, परंतु एक पाणी उतार नेईल तिकडे गेले आणि दुसरे बंधन स्वीकारून उपयोगी ठरले.

वाचकहो, उतार नेईल तिकडे जाणे याला स्वातंत्र्य म्हणावे काय? आज अनेक घरांत तरुण मुले आईवडिलांना सांगतात, “आम्ही मोठे झालो, आता आम्हाला कोणी अडवू नये.” या मागणीला रागावून उत्तर देण्यापूर्वी तिचा विचार केला पाहिजे. स्वातंत्र्याची ओढ वाईट नाही. ती अल्लाहने माणसाच्या स्वभावातच ठेवली आहे. प्रश्न एवढाच की, बाहेरचा अडवणारा दूर झाला म्हणजे मनुष्य खरोखर मोकळा होतो का?

आपले मालक किती?

दिव्य कुरआनच्या सूरह अज्-जुमर, आयत २९ मध्ये एक दृष्टांत आला आहे. एक गुलाम अशा अनेक भागीदारांच्या मालकीचा आहे, ज्यांचे आपसांत पटत नाही. दुसरा पूर्णपणे एकाच धन्याचा आहे. या दोघांची अवस्था सारखी असेल काय, असा प्रश्न तेथे केला आहे. पहिल्या गुलामाची कल्पना करा. एक धनी पूर्वेला पाठवतो, दुसरा पश्चिमेला बोलावतो. कोणाचीच आज्ञा पुरी होत नाही आणि कोणीच समाधानी होत नाही.

ही आयत वाचताना आपण आपल्याकडे पाहावे. सकाळी डोळा उघडताच हात मोबाइलकडे जातो, तो कोणाच्या आज्ञेने? तंबाखूची तलफ आली की हातातले काम टाकून उठावे लागते, ते कोणाच्या हुकमाने? राग आला की जिभेवर ताबा कोणाचा असतो? ऐपत नसताना लग्नासाठी कर्ज काढले जाते आणि पुढे कित्येक वर्षे हप्ते फेडले जातात. तेथे ‘लोक काय म्हणतील’ हाच धनी असतो. सूरह अल्-जासिया, आयत २३ मध्ये तर स्वतःच्या वासनेलाच उपास्य बनवणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. असा माणूस स्वतःला स्वतंत्र समजतो, कारण त्याचा मालक बाहेर दिसत नाही. तो आत बसलेला असतो.

तुरुंगातील स्वतंत्र पुरुष

ह. यूसुफ (अ.) यांचा वृत्तांत या विषयाचा सर्वांत मोठा धडा आहे. ते परक्या देशात विकले गेले होते. ज्या घरात राहत होते, त्या घरच्या स्त्रीनेच दारे बंद करून त्यांना पापाकडे बोलावले. तारुण्य होते, एकांत होता आणि नकाराची शिक्षा समोर होती. त्यांनी अल्लाहपाशी निवेदन केले की, ही स्त्रिया ज्याकडे बोलावतात त्याहून मला तुरुंग प्रिय आहे (सूरह यूसुफ, आयत ३३).

पुढे तुरुंगातच ते आपल्या दोन सोबत्यांना विचारतात की, निरनिराळे अनेक धनी बरे, की सर्वांवर प्रभुत्व असलेला एकच अल्लाह बरा (आयत ३९)? हा प्रश्न विचारणारा मनुष्य कैदेत आहे, तरीही त्याच्या बोलण्यात कैद्याचे दैन्य नाही. पुढे याच यूसुफ (अ.) यांच्या हाती देशाची कोठारे सोपवली गेली. ज्याने स्वतःवर राज्य केले, त्याच्याकडे इतरांचे धान्य विश्वासाने देता आले. दारे बंद असतानाही ‘नाही’ म्हणता येणे, हेच स्वातंत्र्य होय.

मदीनेच्या गल्ल्यांत

हे सामर्थ्य एका दिवसात येत नाही. मद्याच्या निषेधाचा क्रम पाहा. अरबांच्या जीवनात मद्य खोलवर मुरलेले होते. प्रथम सांगितले गेले की, त्यात लोकांसाठी काही लाभ असले तरी पाप अधिक मोठे आहे (सूरह अल्-बकरा, आयत २१९). नंतर नशेत असताना नमाजजवळ जाण्यास मनाई झाली (सूरह अन्-निसा, आयत ४३). नमाज दिवसातून पाच वेळा. मग प्यावे केव्हा? पिण्याचा वेळ आपोआप आखडत गेला. सर्वांत शेवटी संपूर्ण निषेध आला (सूरह अल्-माइदा, आयत ९० व ९१).

ह. अनस (र.) सांगतात की, ते ह. अबू तलहा (र.) यांच्या घरी लोकांना मद्य वाढत होते. एवढ्यात बाहेर निषेधाची घोषणा झाली. घरमालकाने ते ओतून टाकण्यास सांगितले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले (बुखारी, मुस्लिम). घरोघर झडती घ्यावी लागली नाही, कारण नमाजने आधीच मने तयार केली होती.

याच्या तुलनेत अमेरिकेचा अनुभव पाहा. तेथे जानेवारी १९२० मध्ये दारूबंदी घटनादुरुस्तीने लागू झाली. चोरटा व्यापार आणि छुपे गुत्ते फोफावले आणि डिसेंबर १९३३ मध्ये ती दुरुस्ती रद्द करावी लागली. आपल्या महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही सवय किती सुटली, हे आपण रोज पाहतो. कायदा आवश्यकच आहे. पण कायदा हात धरू शकतो, मन धरू शकत नाही.

रोजा : नकाराची तालीम

रमजानचे रोजे याच कामासाठी आहेत. हराम वस्तू तर नेहमीच वर्ज्य. रोज्यात मात्र हलाल अन्न आणि स्वच्छ पाणीही ठरलेल्या वेळेपर्यंत दूर ठेवायचे असते. कारखान्यात पाळीवर राबणाऱ्या माणसाला दुपारी तहान लागते. नळ समोर असतो आणि आजूबाजूला पाहणारे कोणी नसते. तो पीत नाही. त्याला अडवणारा पोलीस तेथे नाही, वडीलधारे नाहीत. आहे ती फक्त अल्लाह पाहत असल्याची जाणीव. हाच तकवा, आणि सूरह अल्-बकरा, आयत १८३ मध्ये रोज्याचा हाच हेतू सांगितला आहे.

जो स्वतःच्या हक्काच्या पाण्याला ‘थांब’ म्हणू शकतो, तो तंबाखूच्या पुडीला का म्हणू शकणार नाही? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले की, रोजेदाराशी कोणी भांडू लागल्यास त्याने आपण रोजेदार असल्याचे सांगावे. तसेच कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा खरा बलवान नसून रागाच्या वेळी स्वतःवर ताबा ठेवणारा बलवान आहे, असेही त्यांनी सांगितले (बुखारी, मुस्लिम). खेद एवढाच की, महिनाभर तलफ जिंकणारे कित्येक जण ईदच्या दिवशीच तिच्यापुढे पुन्हा शरण जातात.

संयम म्हणजे आत्मपीडा नव्हे

येथे एक सावधगिरी हवी. तीन जणांनी निश्चय केला होता : एकाने रात्रभर नमाज पढत राहण्याचा, दुसऱ्याने रोज रोजा ठेवण्याचा, तिसऱ्याने विवाह न करण्याचा. प्रेषित (स.) यांनी त्यांना रोखले आणि आपण रोजा ठेवतो व सोडतो, नमाज पढतो व झोपतो, विवाहही करतो, हे सांगून आपला मार्ग दाखवला (बुखारी, मुस्लिम). वासना मारून टाकणे हे इस्लामचे ध्येय नाही. भूक, प्रेम, क्रोध, धनाची इच्छा या सर्वांना योग्य पात्रात वाहते ठेवायचे आहे.

आरंभ कोठून करावा?

अल्लाहला नियमितपणे केलेले कर्म सर्वाधिक प्रिय असते, मग ते थोडे का असेना, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले (बुखारी, मुस्लिम). म्हणून एकदम दहा संकल्प करू नयेत. या महिन्यात आपला सर्वांत जुलमी धनी कोणता, ते ओळखावे आणि त्या एकाचीच आज्ञा मोडण्यास आरंभ करावा. फज्रच्या नमाजपूर्वी मोबाइल हाती घ्यायचा नाही, एवढाच नियम एखाद्याला पुरेसा होईल. रागाच्या भरात मुलांशी बोलायचे नाही, हा दुसऱ्याचा असेल.

आईवडिलांनी मुलांना केवळ ‘नाही’ सांगू नये. स्वतःला ‘नाही’ म्हणताना त्यांना दिसावे. स्वतः रात्री उशिरापर्यंत पडद्यात डोके घालून बसणाऱ्या पित्याचा उपदेश मुलाच्या कानापर्यंत पोहोचतो, मनापर्यंत नाही. आणि पाऊल घसरले तर निराश होऊ नये. ज्यांनी स्वतःवर अतिरेक केला, त्यांनाही अल्लाहच्या कृपेची आशा न सोडण्यास सांगितले आहे (सूरह अज्-जुमर, आयत ५३). घसरलेल्याने तौबा करावी आणि दुसऱ्या दिवशी तोच छोटा नियम पुन्हा धरावा.

जो आपल्या पालनकर्त्यासमोर उभे राहण्याचे भय बाळगतो आणि मनाला वासनेपासून रोखतो, त्याचे ठिकाण जन्नत आहे, असे सूरह अन्-नाजिआत (आयत ४० व ४१) सांगते. त्या सुखाची पहिली चव मात्र याच जगात मिळते. ज्या दिवशी जुनी तलफ येते, उभी राहते आणि आज्ञा न मानली गेल्याने परत जाते, त्या दिवशी एका मालकाची गुलामी संपलेली असते.

हे अल्लाह, आम्हाला आमच्या मनाच्या गुलामीतून सोडव, आमच्या मुलांना संयमाचे बळ दे आणि आम्हा सर्वांना केवळ तुझेच दास बनव. आमीन.