धुरातला प्राणवायू मोजणारा संवेदक

एक लिटर पेट्रोल पुरते जाळायला किती हवा लागत असेल? सुमारे नऊ हजार लिटर! हिशेब सोपा आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे हवा झाली जवळजवळ ११ किलोग्रॅम आणि एक घनमीटर हवेचे वजन असते सुमारे १.२ किलोग्रॅम. पुढचा भागाकार तुम्हीच करा.

पेट्रोल या प्रमाणापेक्षा जास्त झाले की मेकॅनिक मिश्रणाला ‘रिच’ म्हणतात, कमी झाले की ‘लीन’. रिच मिश्रणाने पेट्रोल वाया जाते, काजळी धरते, धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. लीन मिश्रण अधिक दगा देते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी घाट चढत असताना मिश्रण लीन झाले, तर इंजिन ठोके देऊ लागते आणि प्रसंगी पिस्टनला भोक पडते. पूर्वी गॅरेजमधली जाणती माणसे स्पार्क प्लगचा रंग पाहून मिश्रण ठरवीत. काळा म्हणजे रिच, पांढरट म्हणजे लीन. पण प्लग पाहण्यासाठी गाडी थांबवावी लागते आणि चूक तर घडते चालत्या गाडीत!

यावरचा उपाय म्हणजे धुराच्या नळीत बसवलेला प्राणवायूचा संवेदक. त्याच्या टोकाशी झिरकोनिया या पदार्थाची चिनीमातीसारखी टोपी असते. झिरकोनिया तापला की त्यातून प्राणवायूचे आयन सरकू लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या प्राणवायूत फरक असला की विद्युत्दाब निर्माण होतो. याचा नियम जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला होता. मोटारीत तो कामी आला १९७६ साली, बॉश कंपनीचा संवेदक व्होल्वोच्या अमेरिकेसाठी बनवलेल्या गाड्यांत बसला तेव्हा.

संवेदक निवडताना मात्र सावध राहा. साधा संवेदक रिच मिश्रणात सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो, लीनमध्ये ०.१ आणि १४.७ च्या आसपास एकदम उडी मारतो. ताप आहे की नाही एवढेच सांगणारा, किती आहे ते न सांगणारा हा तापमापक! नेहमीच्या गाडीच्या संगणकाला तेवढे पुरते. पण इंजिन पूर्ण जोर लावते तेव्हा मिश्रण मुद्दाम रिच, साधारण १२.५ ते १३ ठेवावे लागते. तिथे १२ आहे की १३, हे या संवेदकाला नीट सांगता येत नाही. म्हणून ट्यूनिंगसाठी ‘वाइडबँड’ संवेदक घ्यावा. त्यात एक चिमुकला कप्पा असतो. त्यातला वायू नेमक्या प्रमाणात राहावा म्हणून विजेच्या प्रवाहाने प्राणवायू आत-बाहेर ढकलला जातो. प्रवाह किती लागला, यावरून प्रमाण कळते. याला स्वतंत्र नियंत्रक लागतो, खर्चही जास्त येतो. पण पिस्टनपेक्षा स्वस्तच!

बसवणे हे लोहारकाम वाटते, पण खरी गोम तिथेच आहे. एका ओळखीच्या गॅरेजमध्ये संवेदक सतत ‘लीन’ दाखवीत होता. आम्ही पेट्रोल वाढवीत गेलो. प्लग काळे कुळकुळीत झाले, तरी काटा लीनवरच! शेवटी दोष सापडला तो इंजिनाजवळच्या जोडाच्या फाटक्या गॅस्केटमध्ये. धूर तर दाबाने बाहेर पडतो, मग हवा आत कशी शिरेल? धूर धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांमध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि तेवढ्यात फटीतून हवा ओढली जाते. संवेदक बिचारा खरेच बोलत होता. तो पेट्रोल मोजत नाही, प्राणवायू मोजतो. एखादा सिलिंडर पेटलाच नाही तर न वापरलेला प्राणवायू धुरात येतो आणि तेव्हाही पेट्रोल भरपूर असून काटा लीनकडे झुकतो.

म्हणून आधी गळती शोधावी. मग सगळ्या सिलिंडरांच्या नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे, पण उत्प्रेरक डब्याच्या अलीकडे, १८ मिलिमीटरचा आट्यांचा नट वेल्ड करावा. वेल्डिंग करताना संवेदक जागेवर नको. शेपटाजवळ बसवला तर बाहेरची हवा मिसळते. त्याचे टोक खाली झुकलेले, आडव्या रेषेशी निदान १० अंशांचा कोन करणारे हवे. धुरात वाफ असते. गार नळीत तिचे पाणी होते आणि तापलेल्या झिरकोनियावर थेंब पडला की तो तडकतो. याच कारणाने इंजिन सुरू होण्याआधी संवेदकाचा हीटर पेटवू नये. इंजिन चालू असताना मात्र तो बंद ठेवू नये, नाहीतर थंड टोकावर काजळी बसते. शिसे आणि सिलिकॉनचा गोंद हेही त्याचे शत्रू. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण गॅस्केटला गोंद फासण्याची सवय अजून आहे.

तपासणी मात्र दार-खिडक्या उघड्या ठेवूनच करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काट्याविषयी शंका आली तर थंड झालेला संवेदक नळीतून काढा, मोकळ्या हवेत धरून हीटर चालू करा. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो आकडा बरोबर आला तर दोष संवेदकाचा नाही, मग गॅस्केट पाहा.