रबराचा मासा

(कोकणातील एका खाडीत लहान होडीतून मासे धरताना आलेला अनुभव या पाठात सांगितला आहे. मासेमारीच्या कौशल्याबरोबरच मच्छीमाराचे खाडीवरचे प्रेमही यातून दिसते.)

उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी आणि मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. रत्नागिरीजवळच्या भाटे खाडीत हे दोन्ही अर्थ खरे ठरतात, कारण काजळी नदी तेथे समुद्राला मिळते. या खाडीच्या काठी राजिवडा ही मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. माझे मामू तेथे राहतात.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो. माझ्याजवळ गळाची नवी काठी, रीळ आणि एक डबी होती. डबीत मऊ प्लास्टिकचे आठ मासे होते. प्रत्येक मासा बोटाएवढा, चंदेरी आणि चपट्या शेपटीचा. मामूंनी एक मासा दाबून पाहिला आणि ते हसू लागले.

"मास्तर, रबराच्या माशाला फसेल असा मासा आमच्या खाडीत नाही!"

"मामू, हे रबर नाही, मऊ केलेले प्लास्टिक आहे," मी म्हणालो. "१९४९ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात निक क्रीम नावाच्या माणसाने प्लास्टिकचे मऊ गांडूळ तयार केले. तेव्हापासून अशी आमिषे निघाली. पाण्यात ओढले की याची शेपटी खऱ्या माशासारखी हलते."

"मग उद्या बघू," मामू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती संपून पाणी उतरू लागले, तेव्हा आम्ही होडी सोडली. दोघांनीही जीवरक्षक जाकिटे घातली होती. मी शिशाचे डोके असलेल्या गळावर प्लास्टिकचा मासा चढवला, दूर फेकला आणि भराभर रीळ गुंडाळू लागलो. तासभर असेच चालले. एकही मासा लागला नाही.

मामू वल्हे धरून शांत बसले होते. शेवटी ते म्हणाले, "तू माशाला नुसता पळवतोस. दमलेला मासा कसा पोहतो, पाहिलेस का कधी? थोडा वर येतो, पुन्हा खाली बुडतो. आणि जागाही चुकते आहे. ओहोटीला कांदळवनातले पाणी लहान नाल्यांतून खाडीत उतरते. त्याबरोबर बोय आणि कोळंबी बाहेर येतात. नाल्याच्या तोंडाशी जिताडा दबा धरून बसतो. तिथे टाक."

त्यांनी होडी हळूच एका नाल्यासमोर नेली. मी आमिष टाकले आणि ते तळाला जाऊ दिले. तळाला टेकताच दोरी सैल पडली. मग काठीचे टोक वर उचलले आणि आमिष पुन्हा खाली सोडले. "दोरी अगदी ढिली सोडू नकोस," मामू म्हणाले. "खाली जातानाच मासा झडप घालतो."

तिसऱ्या वेळी हाताला झटका बसला. पाणी उसळले आणि एक जिताडा डोके झाडत हवेत उडाला! मी त्याला होडीजवळ आणले. तो दीड वीत लांब होता. माझा आनंद गगनात मावेना.

मामूंनी आधी आपले हात ओले केले. कल्ल्यांची धारदार कड टाळून त्यांनी मासा धरला, गळ काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"मामू, हे काय केले?"

"तो अजून लहान आहे. इतकी वर्षे मासे कापले, पण एवढ्याशा जिताड्याच्या पोटात कधी गाबोळी पाहिली नाही."

मामू शाळेत फार शिकले नव्हते, पण त्यांचे निरीक्षण अचूक होते. जिताडा वयात येतो तेव्हा तो नर असतो. पुढे काही वर्षांनी तोच मासा मादी होतो आणि अंडी घालतो. सगळे जिताडे लहानपणीच पकडले, तर अंडी कोण घालणार? २०२३ साली महाराष्ट्र शासनाने काही जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, तीही लहान माशांना वाढू देण्यासाठीच.

पुढच्या फेकीला माझे आमिष नाल्याच्या आत कांदळाच्या मुळात अडकले. मी जोर लावला आणि दोरी तुटली.

"जाऊ द्या मामू. डबीत अजून सात आहेत."

मामूंनी पाण्याकडे पाहिले. ओहोटीला चांगलाच जोर आला होता. होडी चिखलात रुतली असती, तर पुढच्या भरतीपर्यंत उन्हात बसावे लागले असते. तरीही त्यांनी होडी नाल्यात वळवली.

"खरा बोय मेला तर खाडी त्याला खाऊन संपवते," ते म्हणाले. "हा तुझा मासा कोण संपवणार? उद्या एखादा जिताडा याला गिळेल आणि उपाशी मरेल."

होडीचा तळ दोनदा चिखलाला घासला. माझी छाती धडधडू लागली. मामूंनी वाकून मुळातले आमिष गळासकट सोडवले, तुटलेली दोरीही गुंडाळून घेतली. मग आम्ही दोघांनी वल्ही चिखलात रोवून होडी मागे रेटली. ती खोल पाण्यात आली, तेव्हा नाल्यात घोटाभरच पाणी उरले होते.

घरी पोहोचताच मामींनी विचारले, "मासे किती आणले?"

मामूंनी डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. "आठ नेले होते, आठ परत आणले!"

मामी हसल्या आणि त्यांनी डाळ चुलीवर ठेवली. त्या दिवशी आम्ही डाळभातच जेवलो.

शब्दार्थ
आमिष – माशाला भुलवण्यासाठी गळाला लावलेला पदार्थ
कांदळवन – खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांचे वन
दबा धरणे – शिकारीसाठी लपून बसणे
गाबोळी – माशाच्या पोटातील अंडी
बोय – खाडीत सापडणारा एक मासा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाटे खाडीत कोणती नदी समुद्राला मिळते?
(आ) ओहोटीला जिताडा कोठे दबा धरून बसतो?
२. कारणे लिहा.
(अ) मामूंनी पहिला जिताडा सोडून दिला.
(आ) मामूंनी होडी नाल्यात वळवली.
३. वाक्यात उपयोग करा : आनंद गगनात न मावणे, छाती धडधडणे.
४. 'दरिया' आणि 'दर्या' यांप्रमाणे उर्दूत व मराठीत वेगळ्या अर्थाने येणारे आणखी दोन शब्द शोधा.