भीतीचा चेहरा भिंतीवर लावू नका

१० जुलै २०२४ला सकाळी सव्वासातच्या सुमारास नांदेडला जमीन हादरली. केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होतं, मोठं नुकसान झालं नाही. पण लातूर-नांदेडच्या घरांत भूकंप एकटा येत नाही, त्याच्या मागोमाग किल्लारी येते. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती बोळवून झोपलेली गावं, तीन छप्पन्नचा तो धक्का, हजारोंनी गेलेली माणसं. घरातली मोठी माणसं हे पुन्हा सांगू लागतात आणि चार वर्षांचं पोर कोपऱ्यात बसून सगळं ऐकत असतं. त्याला कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर "घाबरलास काय रे?" असं, ज्याचं उत्तर 'नाही' हे आधीच ठरलेलं.

अशा मुलांसाठी मी बालवाडीतल्या बाईंना भावनांची चकती करायला सांगते. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर वाटी ठेवून दोन गोल कापायचे. खालच्या गोलाचे पाच भाग करून चार भागांत मुलांनीच चेहरे काढायचे: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. पाचवा भाग कोरा. वरच्या गोलाला एक खिडकी कापायची. मधोमध जाड दोरा ओवून दोन्ही बाजूंनी गाठ मारायची. टाचणी किंवा तार एवढ्या लहान हातांत नको. वरचा गोल फिरवला की खिडकीत एका वेळी एकच चेहरा येतो. ज्याला शब्द सापडत नाहीत त्या मुलाला निदान बोट ठेवायला जागा मिळते. कोरा भाग मात्र विसरू नका. काय वाटतंय ते कळतच नाही, असंही वाटू शकतं आणि मुलांचं तर ते फार वेळा होतं.

त्याच पावसाळ्यात एका बालवाडीत जे पाहिलं, त्यासाठी हे लिहिते आहे. चकत्या छान झाल्या होत्या, म्हणून बाईंनी हौसेनं त्या नावं घालून भिंतीवर लावल्या. पालक आले. एका मुलाच्या खिडकीत घाबरलेला चेहरा होता. त्याचे काका म्हणाले, "आमचा वाघ तर भित्रा निघाला की!" सगळे हसले, मुलगाही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खिडकीत हसराच चेहरा. बाईंना वाटलं, भीती गेली. आईकडून नंतर कळलं, तो रात्री दिवा मालवू देत नव्हता आणि बाहेरून ट्रक गेला तरी उठून बसत होता.

म्हणून चकती मुलाच्या दप्तरात राहू द्या. तिचं प्रदर्शन नको, स्पर्धा नको, हसऱ्या चेहऱ्याला शाबासकीही नको. "चल, आता हसरा चेहरा आण बघू" हे वाक्य तर अजिबात नको. त्यातून मूल एवढंच शिकतं की बाईंना कोणता चेहरा आवडतो. रागाचा चेहरा आला तर राग असू द्या, मारणं तेवढं थांबवा.

आणि प्रश्न मुलाला नको, चेहऱ्याबद्दल विचारा: "हा कशाला घाबरला असेल?" एका मुलीनं यावर सांगितलं, "आजी रडली म्हणून." जमीन हलली त्याचं तिला फारसं काही नव्हतं. आजी रडते हे तिनं पहिल्यांदा पाहिलं होतं. आजीनं मग तिला जवळ घेऊन सांगितलं की मला जुनं आठवलं, तुझ्यामुळे नाही रडले. ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षातच आली नव्हती. किल्लारीच्या वेळी पाच-सहा वर्षांची असलेली मुलं आज स्वतः आईबाप आहेत. आपल्या आठवणी त्यांनी जरूर सांगाव्यात, पण त्यासोबत घर हादरलं तर काय करायचं, बाहेर पडल्यावर कुठे जमायचं, हेही मुलाला दाखवून ठेवावं. काय करायचं हे ठाऊक असलं की भीतीला थोडा आधार मिळतो.

चकतीनं सगळं भागत नाही. महिना उलटला तरी झोप लागत नसेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, मूल बोलेनासं झालं असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जाताना चकती सोबत घ्या, अनोळखी डॉक्टरांपुढे तोंड न उघडणारं मूलही ती फिरवून दाखवतं. लगेच जाणं जमत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.