गप्पी मासे : कोठे सोडावेत, कोठे सोडू नयेत

डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा ग्रामीण महाराष्ट्रास नवा नाही. हिवताप व डेंग्यू यांच्या प्रतिबंधासाठी हौद, टाक्या व साचलेली डबकी यांत हे मासे सोडण्याचा उपक्रम आरोग्य यंत्रणा आणि ग्रामपंचायती राबवीत असतात. पाण्यात औषध न मिसळता अळ्यांचा नाश होतो, हा त्याचा मोठा लाभ होय. परंतु हा मासा मूळचा आपल्याकडील नाही. त्रिनिदाद बेट व दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग ही त्याची मायभूमी. तेथील ओढ्यांत संशोधक विद्यार्थ्यांनी केलेला या माशाचा अभ्यास आपल्या गावांनाही मार्गदर्शक ठरावा असा आहे.

धबधब्याच्या वर आणि खाली

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे विद्यार्थी डेव्हिड रेझ्निक १९७८ मध्ये त्रिनिदादला गेले. तेथील डोंगरी ओढ्यांत धबधब्याखालच्या डोहांमध्ये मोठ्या गप्पींना खाणारे भक्षक मासे असतात. त्यांना धबधबा चढून जाता येत नाही. वरच्या पाण्यात गप्पीला मुख्यतः एका लहान माशाचे भय असते आणि तोही बहुधा पिलेच खातो.

रेझ्निक यांना असे आढळून आले की, खालच्या पाण्यातील गप्पी लवकर वयात येतात आणि एका वेळी अधिक, पण आकाराने लहान पिलांना जन्म देतात. वरच्या पाण्यातील गप्पी उशिरा वयात येतात; त्यांची पिले थोडी, पण मोठी असतात. जेथे मृत्यू केव्हाही ओढवू शकतो, तेथे लवकर प्रजनन करणाऱ्यांचाच वंश टिकतो. प्रयोगशाळेत एकाच परिस्थितीत दोन पिढ्या वाढविल्यावरही हा भेद कायम राहिला. तो आनुवंशिक असल्याचे यावरून सिद्ध झाले.

त्यापूर्वी, १९७६ मध्ये, जॉन एंडलर यांनी खालच्या पाण्यातील गप्पी अरीपो नदीच्या एका गप्पीविरहित उपओढ्यात सोडले होते. अकरा वर्षांत, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांत, त्यांची संतती वरच्या पाण्यातील गप्पींसारखी झाली. हा निष्कर्ष १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नव्या पाण्याशी हा मासा किती त्वरेने जुळवून घेतो, हे त्यावरून दिसते.

एक मादी पुरेशी

गप्पीची मादी नराचे बीज अनेक महिने शरीरात साठवू शकते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधक विद्यार्थिनी एमी डीकन यांनी निरनिराळ्या टाक्यांत प्रत्येकी एकच गर्भवती मादी सोडून पाहिली. ८६ टक्के टाक्यांत दोन वर्षांनंतरही गप्पींची वस्ती टिकून होती. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध करताना, हा मासा नैसर्गिक जलाशयांत सोडण्याबाबत विशेष सावधगिरी बाळगण्याची सूचना करण्यात आली.

गावाने घ्यावयाची दक्षता

‘चार मासे ओढ्यात गेले तर काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर वरील प्रयोगात आहे. पश्चिम घाटातील ओढ्या-नद्यांत जगात अन्यत्र न आढळणाऱ्या माशांच्या अनेक जाती आहेत. त्यांच्या पाण्यात गप्पीने एकदा बस्तान बसविले, तर त्यास हटविणे जवळजवळ अशक्य होते.

म्हणून गप्पी मासे सिमेंटचे हौद, टाक्या, कारंजी अशा बंदिस्त पाण्यातच सोडावेत. नदी, ओढा अथवा तलाव यांत कदापि सोडू नयेत. पावसाळ्यात जे डबके ओसंडून ओढ्यास मिळते, तेथे मासे सोडण्याऐवजी ते बुजवावे किंवा वाहते करावे. हौद रिकामा करताना पाणी गाळून घ्यावे व मासे दुसऱ्या हौदात ठेवावेत. पाण्याची भांडी झाकणे आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळणे, हे उपाय तर सर्वत्र करता येण्याजोगे आहेत.

शिक्षकांनाही येथे मोलाचे कार्य करता येईल. गावच्या ओढ्यात कोणते मासे आहेत, ते केव्हा दिसतात, याची नोंद विद्यार्थ्यांनी मासेमारी करणाऱ्या जाणत्या मंडळींना विचारून ठेवावी. अशी वही शाळेत असल्यास ओढ्यात परका मासा शिरताच तो लक्षात येईल आणि ग्रामपंचायतीस वेळीच पावले उचलता येतील.