भातातील करगा : त्याचे कूळ व त्याचा बंदोबस्त

भाताच्या बांधीत करग्याचे रोप उभे असता निंदणाऱ्या जाणत्या हातासही ते लवकर ओळखू येत नाही. पान तेच, फुटवा तोच. लोंबी बाहेर पडून लांब कुसळे दिसू लागली म्हणजे मालकाचे डोळे उघडतात. पण तोवर उशीर झालेला असतो. कारण करग्याचा दाणा पीक कापणीस येण्यापूर्वीच झडतो आणि मातीत निजून पुढील सालांत उगवत राहतो. छत्तीसगडात, जेथे भात फेकून पेरण्याची व मागाहून उभ्या पिकात नांगर फिरविण्याची बियासी पद्धत आहे, तेथे हा उपद्रव फार जुना आहे.

हे तण आले कोठून? तळ्याडबक्यांच्या काठी आपोआप उगवणारा नीवार, म्हणजे आपले देवभात, हा भाताचा सख्खा आप्त होय. भात बहुतांशी स्वपरागित असले तरी शेजारच्या नीवाराशी त्याचा क्वचित संकर होतो, व त्या संततीत भाताचे रूप आणि नीवाराची झडण्याची खोड एकत्र येते. परंतु एवढेच कारण नव्हे. अमेरिकेत आशियाई रानभात मुळीच नाही, तरी तेथील भातशेतीत तांबड्या दाण्याचे तण आहेच. त्याची आनुवंशिक तपासणी केली तेव्हा ते आशियातील लागवडीच्या भातांचेच वंशज ठरले. म्हणजे घरचे पीकही रानटी होऊ शकते, आणि बियाण्याबरोबर समुद्रापार जाऊ शकते!

करग्यावर मध्यप्रांतात एक नामी तोड निघाली होती. बी. बी. दवे यांनी १९४३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जांभळ्या पानांचे भात पेरावे, म्हणजे हिरवे दिसेल ते रोप करग्याचे समजून उपटता येते. युक्ती चांगली, पण तेच ते जांभळे भात वर्षानुवर्षे पेरले, की संकराने जांभळा रंग करग्यातही उतरतो. हिरवा करगा उपटला जातो, जांभळा मागे राहतो व त्याचेच बी पडते. अशा रीतीने आपणच निवड करून तणास पिकाचा वेष चढवितो. म्हणून जांभळे वाण एखाद्या सालापुरते घेऊन बदलावे, हेच शहाणपणाचे.

तथापि तळ्यातील नीवार समूळ नाहीसा व्हावा असे मात्र कोणी म्हणू नये. तुडतुड्यांमार्फत पसरून भाताचे रोप खुरटविणारा एक विषाणुरोग आहे. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा त्या रोगास दाद न देणारा नमुना एकच सापडला, आणि तो उत्तर प्रदेशातील नीवाराचा होता. त्याचा गुण १९७६ साली निघालेल्या आय. आर. ३६ ह्या वाणात उतरविला गेला.

तेव्हा नीवार तळ्यात राहू द्यावा. बंदोबस्त करावयाचा तो बांधीत. बियाणे तांबडा दाणा पारखून घ्यावे. पाण्याची सोय असेल तेथे फेकपेर सोडून ओळीत रोवणी करावी; ओळीबाहेर उगवलेले रोप बेलाशक उपटावे. फुलोऱ्यानंतर कुसळाची लोंबी दिसलीच तर दाणा भरण्यापूर्वी कापून बांधीबाहेर न्यावी, धुऱ्यावर टाकू नये.