समांतर धावपट्ट्यांवर उतरणारी विमाने

भूमितीच्या तासास समांतर रेषा शिकविताना आपण रेल्वेचे रूळ दाखवितो. विमानतळावरील समांतर धावपट्ट्या हे अधिक बोलके उदाहरण होय. कारण रूळ गाडीस धरून ठेवतात, आकाशात तसे काही नाही. (मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात; त्या पुढील पाठासाठी राखाव्यात!)

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को विमानतळावरील अशा एका जोडीस '२८ डावी' व '२८ उजवी' म्हणतात. होकायंत्रावरील दिशा सुमारे २८० अंश, म्हणून २८. त्याच पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकाचा आकडा १० का, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

दोन धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत १,०३५ मीटर वा अधिक अंतर असल्यास, विहित सामग्री असताना, विमाने एकाच वेळी शेजारी शेजारी उतरविता येतात. ती आपापल्या रेषेवर स्थिर होईपर्यंत नियंत्रक त्यांच्यात सुमारे ३०० मीटर उंचीचा फरक किंवा ठरावीक आडवे अंतर राखतो. पुढे प्रत्येक रेषेवर रडारद्वारे स्वतंत्र नियंत्रकाची नजर असते. दोन रेषांमध्ये किमान ६१० मीटर रुंदीचा निषिद्ध पट्टा कल्पिलेला असतो. एखादे विमान त्यात शिरू लागल्यास चुकलेल्यास सावध करून भागत नाही. जे निर्दोष आहे, त्यालाच तत्काळ वळून वर जाण्याची आज्ञा मिळते. चुकलेला ऐकेलच, याची खात्री कोणी द्यावी?

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या जोडीत अंतर अवघे २२९ मीटर. तेथे असा पट्टा मावत नाही. म्हणून स्वच्छ हवेत, शेजारचे विमान 'दिसते' असे वैमानिकाने कळविल्यावर, अंतर राखण्याचा भार त्याच्या डोळ्यांवर टाकण्याची रीत तेथे पडली.

परंतु डोळेही फसतात. ७ जुलै २०१७ च्या रात्री तेथील '२८ डावी' बंद असून तिचे दिवे मालवलेले होते. टोरंटोहून आलेल्या विमानास '२८ उजवी'वर उतरावयाचे होते. नेहमीप्रमाणे दोन धावपट्ट्या असतील या समजुतीने वैमानिकांनी उजवीलाच डावी मानले, आणि तिच्या उजवीकडील टॅक्सी-वेवर रोख धरला. तेथे चार विमाने उड्डाणाची वाट पाहत उभी होती. पुढे दिवे दिसताच वैमानिकांनी विचारले. '२८ उजवी'वर तुमच्याखेरीज कोणी नाही, असे नियंत्रकाने सांगितले. उत्तर अक्षरशः खरे होते. विमान मात्र त्या पट्टीच्या रोखाने येतच नव्हते. जमिनीपासून सुमारे १८ मीटरपर्यंत खाली येऊन ते पुन्हा वर चढले. कोणासही इजा झाली नाही.

वर्गात हा प्रसंग सांगण्यापूर्वी अंगणात फक्कीने तीन समांतर रेषा आखाव्यात व मधल्या रेषेस 'उजवी' हे नाव द्यावे. डावीकडची रेषा पुसून टाकावी, आणि हे न पाहिलेल्या मुलास दुरून बोलावून 'उजवी'वर चालावयास सांगावे.