ताट बदललं, गोळी तीच राहिली

भात-भाकरी बंद करा, शुगर आपोआप उतरेल, असं एक डाएटवाला छातीठोकपणे म्हणाला. फी घेतली, वजन केलं, छापील कागद दिला. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, तर बघितलीही नाही. "गोळ्या डॉक्टर बघतील, आपण आहार बघतो." हे वाक्य मला अजून सलतं.

त्यानंतर एकदा भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडली होती. सकाळी शुगरची ग्लिमेपिराइड गोळी घेतलेली, पोटात त्याच्या कागदाबरहुकूम फक्त अंडी-काकडी. अर्ध्या वाटेत हातपाय कापायला लागले, दरदरून घाम फुटला, बोलताना जीभ अडखळायला लागली. बायका म्हणाल्या, लाँच लागली असेल. आयुष्यभर लाँचनेच जा-ये करणाऱ्या मला? शेजारच्या मावशीच्या घरात शुगर आहे, तिनेच ओळखलं आणि आंब्याच्या सरबताची बाटली माझ्या तोंडाला लावली. ते पिऊनही दवाखान्यात मीटरवर 64 आली. 70 च्या खाली गेली की कमीच.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग ताटात भात असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. डाएटवाल्याला फोन केला, तर म्हणाला, शरीर शुद्ध होतंय! साधी चौकशीही नाही.

म्हणून सांगते, भात कमी करण्याआधी डॉक्टरांकडून गोळीचा डोस तपासून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. पर्समध्ये साखर ठेवा. हातपाय कापले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका. एचबीए1सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी; ती चांगली आली तरी मधले असे खड्डे त्यात दिसत नाहीत.

आणि आपल्या मासळीला नावं ठेवू नका. बोंबील-बांगड्याने शुगर फारशी चढत नाही, चढते ती भाताने. तांदळाची भाकरीही तांदूळच, आणि तळणीला लावलेलं तांदळाचं पीठसुद्धा. मी आधी भाजी-मासळी खाते, शेवटी मूठभर भात. जेवल्यावर दोन तासांनी मीटर लावते. चालणं, झोप हे सगळं आलंच.

त्या डाएटवाल्याकडे आमच्या वाड्यातल्या बायका अजून जातात. तो विचारत नाही, म्हणून त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी मीच मागून बघते.